मूळ ‘स्टार ट्रेक’ पहिल्यांदा बघताय? कुठून सुरू करायचं आणि काय टाळायचं

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची, ‘एंटरप्राइझ’ या अंतराळयानाच्या सफरींची अमेरिकन मालिका. तेव्हाची मुलं आता पन्नाशीला आली आहेत आणि त्यातल्या परग्रहावरच्या स्पॉकचं नाव काढलं की त्यांची एक भुवई आपसूक वर जाते. घरातल्या पुढच्या पिढीने मात्र कौतुकाने पहिला भाग लावला, तर गाडी दुसऱ्या भागापर्यंत क्वचितच पोचते. बहुतेकदा भाग चुकीचा निवडलेला असतो, प्रत चुकीची मिळालेली असते किंवा टीव्ही चुकीचा लावलेला असतो. तिन्ही गोष्टी दहा मिनिटांत सुधारता येतात.

आधी पसारा किती ते बघू. मालिका ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि शेवटचा नवा भाग ३ जून १९६९ ला लागला. तीन सीझन: २९, २६ आणि २४ भाग, एकूण ७९. प्रत्येक भाग साधारण ५० मिनिटांचा आणि बहुतेक भागांची गोष्ट तिथल्या तिथे संपते. त्यामुळे मधला भाग सुटला तरी काही बिघडत नाही आणि ७९ च्या ७९ बघायची सक्तीही नाही.

काय काय हाताशी हवं

- पूर्ण लांबीची प्रत (कशी ओळखायची ते पुढे आहे)
- इंग्रजी सबटायटल्स. यानावरचा स्कॉटी मुद्दाम स्कॉटिश ढंगात बोलतो, चेकॉव्ह रशियन ढंगात.
- टीव्हीचा रिमोट आणि त्यातला ‘पिक्चर’ मेन्यू
- आठवड्याला दोन संध्याकाळी. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त भाग नकोत. आठवड्याला एक भाग दाखवायचा म्हणून मालिका बांधली होती, सलग पाच बघितले की तीच धून आणि तेच दगड खुपायला लागतात.

१. प्रत तपासा

लावण्याआधी भागाची लांबी बघा. ५० मिनिटांच्या आसपास असेल तर पूर्ण. ४४-४५ असेल तर ती जाहिरातींना जागा करण्यासाठी कापलेली प्रत, ती सोडून द्या. कापताना आधी उडतात ते दोन पात्रांमधले निवांत संवाद, म्हणजे नेमकं जे बघायचं तेच. ४८ मिनिटं दिसली तर मात्र घाबरू नका. युरोपीय पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं धावतात, म्हणून ५० चे ४८ होतात. कापलेलं काही नसतं, आवाज किंचित चढा लागतो इतकंच.

परदेशातून कुणाला डिस्क आणायला सांगत असाल तर डबीच्या मागचा रीजन बघायला सांगा. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये येतो आणि अमेरिका १ मध्ये. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’, अमेरिका ‘ए’. इथल्या प्लेअरवर चालणार नाही अशी डिस्क आणली की ती शोभेची वस्तू होऊन कपाटात बसते.

आता खरी निवड. २००६ पासून मालिकेची नव्याने साफसफाई झाली, तेव्हा यानाची आणि ग्रहांची दृश्यं संगणकावर पुन्हा बनवली गेली. त्यामुळे आज दोन रूपं फिरतात, जुन्या दृश्यांचं आणि नव्या दृश्यांचं. ब्लू-रेच्या मेन्यूत दोन्हींपैकी एक निवडता येतं. ऑनलाइन जे मिळेल ते. ओळखायची खूण सोपी आहे. ग्रह ढगांसकट पृथ्वीच्या उपग्रहचित्रासारखा दिसला तर नवं, रंगीत चेंडूसारखा दिसला तर जुनं.

पहिल्यांदा बघताना जुनंच निवडा. खोटे दगड आणि रंगवलेली आकाशं त्या जुन्या यानाशी जुळतात. मध्येच गुळगुळीत संगणकी दृश्य आलं की ठिगळ लावल्यासारखं वाटतं. अपवाद एकच, ‘द डूम्सडे मशीन’. त्यातलं उद्ध्वस्त यान ‘कॉन्स्टेलेशन’ म्हणजे बाजारात मिळणारं एंटरप्राइझचं प्लॅस्टिकचं किट, भाजून वेडंवाकडं केलेलं. त्याचा क्रमांक १०१७ आहे, कारण किटमधल्या १७०१ च्याच आकड्यांची अदलाबदल केली होती. हा जुगाड एकदा डोळ्यांनी बघा, पण त्या भागाची नवी दृश्यं खरोखर सरस आहेत.

२. टीव्ही नीट लावा

चित्र ४:३ आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ते घालवायला ‘झूम’ केलं की वरून डोकं आणि खालून हनुवटी जाते, ‘वाइड’ केलं की कॅप्टन कर्क जाडा दिसतो. मेन्यूत ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ ठेवा.

‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण काम एकच: चित्रांमध्ये नसलेली चित्रं घुसवणं. त्याने फिल्मवर चित्रित केलेली मालिका घरगुती व्हिडिओसारखी दिसते आणि पुठ्ठ्याची भिंत जास्तच पुठ्ठ्याची वाटते.

‘व्हिव्हिड’ मोडही नको. रंग मुळातच भडक आहेत आणि त्यामागे धंदा आहे: एनबीसीची मालक कंपनी आरसीए रंगीत टीव्ही विकायची. म्हणून करड्या भिंतींवर जांभळा-हिरवा उजेड टाकलेला दिसतो. कॅप्टनचा सोनेरी शर्टसुद्धा प्रत्यक्षात हिरवट होता. त्या कापडावर दिवे पडले की फिल्मवर पिवळा यायचा.

३. सुरुवात पहिल्या भागापासून करू नका

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. वाहिनीने भाग ज्या क्रमाने दाखवले तो क्रम आणि ते ज्या क्रमाने तयार झाले तो क्रम वेगळा आहे. सगळ्यात आधी ‘द मॅन ट्रॅप’ दाखवला, कारण त्यात राक्षस होता. तो बनण्याच्या क्रमात बराच मागे आहे आणि पात्रांची ओळख करून देत नाही. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ हा खरं तर १९६५ मध्ये बनलेला नमुना भाग, पण तो तिसरा लागला. क्रमाने बघणारा गोंधळतो: गणवेश वेगळे, डॉक्टर वेगळा, उहुरा गायब, सुलू भौतिकशास्त्रज्ञ, स्पॉक ओरडतोय, आणि कर्कच्या थडग्यावर नावाचं मधलं अक्षरही चुकीचं.

आणखी एक खड्डा: बऱ्याच याद्यांत सगळ्यात वर ‘द केज’ असतो. हा त्याहूनही आधीचा, एनबीसीने नाकारलेला पहिला नमुना. त्यात कर्क नाहीच. कॅप्टन पाइक आहे, भूमिका जेफ्री हंटरची. निर्माते जीन रॉडनबेरी यांनी पुढे त्यातलीच दृश्यं घेऊन ‘द मेनाजरी’ हा दोन भागांचा खटला रचला. ‘केज’ आधी पाहिलात तर त्या खटल्यातलं कुतूहलच संपतं. ‘मेनाजरी’ पहिल्या सीझनमध्ये जागच्या जागी बघा आणि ‘केज’ सगळं झाल्यावर. त्याची अर्धी रंगीत, अर्धी कृष्णधवल प्रत मिळाली तर डिस्क बिघडली असं समजू नका. रंगीत निगेटिव्ह हरवली होती, म्हणून १९८६ ची कॅसेट तशी जोडून काढली होती. पूर्ण रंगीत प्रत नंतर सापडली, तीच शोधा.

४. पहिले बारा भाग

आठवड्याला दोन धरले तर सहा आठवडे. क्रम साधारण चित्रीकरणाचा आहे.

१) द कॉर्बोमाइट मनुव्हर: नमुना भागांनंतर बनलेला पहिला नियमित भाग. पटावरचे सगळे मोहरे इथे मांडले जातात.
२) द नेकेड टाइम: सगळ्यांचे मुखवटे गळतात.
३) बॅलन्स ऑफ टेरर: अंतराळातली पाणबुडीची लढाई. घाईत बघू नका.
४) अरीना: रबरी सरड्याशी कुस्ती. आधी हसा, मग शेवट बघा.
५) स्पेस सीड: खान या खलनायकाचा भाग. त्याच्यावरचा १९८२ चा चित्रपट बघायचा असेल तर अनिवार्य.
६) द डेव्हिल इन द डार्क
७) द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर: या भागाबद्दल आधी काहीही वाचू नका.
८) द डूम्सडे मशीन
९) अमोक टाइम: स्पॉकचा ग्रह पहिल्यांदा दिसतो.
१०) मिरर, मिरर
११) द ट्रबल विथ ट्रिबल्स: ट्रिबल्स म्हणजे केसाळ गोळ्यांसारखे प्राणी. निखळ विनोदी.
१२) जर्नी टू बॅबल: स्पॉकचे आईवडील.

‘अमोक टाइम’ ‘नेकेड टाइम’च्या आधी बघू नका. ‘नेकेड टाइम’मध्ये स्पॉकच्या मनाला जी फट पडलेली दिसते तीच ‘अमोक टाइम’मध्ये उघडते. क्रम उलटा केला की दोन्ही भाग हलके होतात.

लहान मुलांसोबत बघणार असाल तर ट्रिबल्स, अरीना आणि कॉर्बोमाइट चालतील. ‘द एनिमी विदिन’ आणि ‘मड्स विमेन’ आधी स्वतः बघा. पहिल्यात सहकारी स्त्रीवर हल्ल्याचा प्रसंग आहे आणि शेवटी त्यावर केलेली कोटी आज ऐकवत नाही. दुसऱ्याचा विषयच जुनाट.

५. यान बघू नका, नट बघा

ही मालिका तीन माणसांचं नाटक आहे. निर्णय कर्कचा, एका कानाशी स्पॉकचा हिशेब, दुसऱ्या कानाशी डॉक्टर मॅकॉयचा संताप. रचनाही नाटकाचीच: छोटी नांदी, मग चार अंक, प्रत्येक अंकाच्या शेवटी संगीताचा दणका आणि अंधार. चहाला उठायचं तर दुसऱ्या अंकानंतर उठा.

लेनर्ड निमॉय (स्पॉक). हा नट कमीत कमी हालचालीत काम करतो, म्हणून मोबाइलच्या पडद्यावर तो निम्मा वाया जातो. ‘नेकेड टाइम’मध्ये स्पॉक रिकाम्या खोलीत शिरतो, दार लागतं, आणि तो पाढे म्हणत स्वतःला सावरू बघतो, कॅमेरा न तुटता त्याच्याभोवती फिरत राहतो. तेवढी दोन मिनिटं नीट बघितलीत तर पुढच्या सगळ्या भागांत त्याच्या कोऱ्या चेहऱ्यामागे काय चाललंय ते कळायला लागतं. मानेजवळ चिमटा काढून माणूस बेशुद्ध करायची युक्ती निमॉयचीच: संहितेत मागून डोक्यात शस्त्राचा दस्ता हाणायचा होता, तो त्याला स्पॉकला न शोभणारा वाटला. बोटं फाकवून करायचा नमस्कारही त्याने आणला. लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये पुरोहितांना आशीर्वाद देताना पाहिलं होतं, त्यावरून. तो पहिल्यांदा ‘अमोक टाइम’मध्ये दिसतो. निमॉय २७ फेब्रुवारी २०१५ ला गेला.

विल्यम शॅटनर (कर्क). त्याच्या तुटक बोलण्याची नक्कल सगळेच करतात. नक्कल आधी आणि मूळ नंतर पाहिलं की प्रत्येक वाक्यात तेच ऐकू येतं, म्हणून नकला थोड्या लांब ठेवा. तो कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर महोत्सवात घडलेला नट. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय अंगात आहे. शांत शॅटनर बघायचा तर ‘बॅलन्स ऑफ टेरर’मध्ये तो खोलीत डॉक्टरशी बोलतो तो प्रसंग, आणि ‘सिटी’चा शेवट. १३ ऑक्टोबर २०२१ ला, नव्वदाव्या वर्षी, तो खरोखर अंतराळाच्या उंबरठ्यावर जाऊन आला.

डीफॉरेस्ट केली (मॅकॉय). आधी वेस्टर्न चित्रपटांत खलनायक रंगवणारा. पहिल्या सीझनच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही, दुसऱ्यापासून आहे. तोवर तिसऱ्या कोनाशिवाय त्रिकोण उभा राहत नाही हे सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. ‘डेव्हिल इन द डार्क’मध्ये त्याला दगडाच्या प्राण्यावर इलाज करायला सांगतात. मी डॉक्टर आहे, गवंडी नाही, असं तो करवादतो आणि पुढच्याच दृश्यात थापी घेऊन जखमेत काँक्रीट भरताना दिसतो. मग सिमेंटने बरबटलेल्या हातांनी उभा राहून स्वतःच्याच कर्तबगारीवर खूश होतो. ते खूश होणं चुकवू नका.

जेम्स डूहन (स्कॉटी). जन्म व्हँकूवरचा, स्कॉटिश बोली कमावलेली. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत उतरलेल्या कॅनेडियन सैन्यात तो होता. तिथे गोळ्या लागल्या आणि उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. मालिकेत तो हात शिताफीने लपवलेला आहे. ट्रिबल्सचा ढीग कवेत घेतो तेव्हा मात्र दिसून जातो.

निशेल निकोल्स (उहुरा). संहितेने तिला थोडंच दिलं. जे दिलं त्यात ‘मिरर, मिरर’ पहिला, आणि गाणं ऐकायचं तर ‘चार्ली एक्स’. पहिल्या सीझननंतर ती सोडून जाणार होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी थांबायला सांगितलं, हे ती स्वतः अनेकदा सांगायची. पुढे १९७७ पासून तिने नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार यावेत म्हणून प्रचार केला.

जॉर्ज टाकेई (सुलू) दुसऱ्या सीझनमध्ये बरेच भाग दिसत नाही, कारण तो एका चित्रपटात अडकला होता. लहानपणी तो अमेरिकेतल्या जपानी वंशीयांच्या छावणीत राहिलेला आहे. वॉल्टर केनिग (चेकॉव्ह) दुसऱ्या सीझनला येतो. सुरुवातीच्या भागांत त्याचे केस विचित्र वाटले तर तो टोप आहे. तो ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ उच्चारतो, ही इंग्रजी प्रेक्षकांची आवडती गंमत. दोन्हीसाठी एकच ‘व’ वापरणाऱ्या आपल्या कानांना ती सांगितल्याशिवाय कळत नाही. मेजल बॅरेट म्हणजे नर्स चॅपल. यानाच्या कॉम्प्युटरचा आवाजही तिचाच.

६. तिसरा सीझन निवडून बघा

पैसे कमी झाले आणि वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची, म्हणजे तरुण प्रेक्षक घराबाहेर असण्याची. परिणाम पडद्यावर दिसतो: सेट रिकामे, बाहेरचं चित्रीकरण जवळपास नाही. ‘द एंटरप्राइझ इन्सिडंट’, ‘द थोलियन वेब’, ‘डे ऑफ द डव्ह’, ‘ऑल अवर यस्टर्डेज’ एवढे घ्या. ‘द वे टू ईडन’ आणि ‘अँड द चिल्ड्रन शॅल लीड’ सोडले तरी काही अडत नाही. ‘स्पॉक्स ब्रेन’ वाईट आहे, पण मित्रांबरोबर बघण्यासारखा वाईट.

७. पुढे पाठवण्याआधी तपासा

- “बीम मी अप, स्कॉटी” हे वाक्य जसंच्या तसं मालिकेत कुणीच म्हणत नाही.
- ‘प्लेटोज स्टेपचिल्ड्रन’मधलं कर्क-उहुराचं चुंबन हे अमेरिकी टीव्हीवरचं गोऱ्या-काळ्यांमधलं पहिलं, असं सरसकट लिहू नका. गाजलेलं म्हणा. भिन्न वंशांतल्या चुंबनाची त्याआधीची उदाहरणं आहेत.
- खान नूनियन सिंग उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा अंदाज मालिकेतली इतिहासतज्ज्ञ करते. काम केलंय मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबानने. पगडी दिसते ती फक्त तिने काढलेल्या चित्रात.
- यानातून ग्रहावर पोचवणाऱ्या यंत्रात माणसं चमचमत विरघळतात, ती युक्ती संगणकाची नाही. उजेडात ॲल्युमिनियमची पूड सोडून ती चमक टिपली होती. यान प्रत्येक ग्रहावर उतरवणं परवडत नव्हतं, म्हणून हे यंत्र जन्माला आलं.

८. ७९ नंतर

१९७३-७४ ची ॲनिमेशन मालिका, २२ भाग, आवाज बहुतेक मूळ नटांचेच. केनिग त्यात नाही, पण एक भाग त्याने लिहिला आहे. मग सहा चित्रपट, १९७९ ते १९९१. पहिला संथ आहे. तरी त्यातली लेफ्टनंट इलिया बघा. ती म्हणजे मुंबईची पर्सिस खंबाटा, १९६५ ची मिस इंडिया, जिने भूमिकेसाठी डोकं तासून घेतलं. दुसऱ्या चित्रपटाआधी ‘स्पेस सीड’ पुन्हा लावा आणि एक चूक शोधा: खान चेकॉव्हला बघताच ओळखतो, पण खानचा भाग झाला तेव्हा चेकॉव्ह मालिकेत आलेलाच नव्हता.

९. नटाच्या आठवणीत चार जण जमणार असाल तर

दोन भाग पुरे. मधल्या चहासकट दोन तास. निमॉयसाठी नेकेड टाइम आणि अमोक टाइम. केलीसाठी डेव्हिल इन द डार्क आणि ‘द एम्पथ’. डूहनसाठी डूम्सडे मशीन आणि ट्रिबल्स. निकोल्ससाठी चार्ली एक्स आणि मिरर, मिरर. बॅरेटसाठी ‘व्हॉट आर लिटल गर्ल्स मेड ऑफ?’ आणि ‘केज’, ज्यात ती पँट घातलेली, यानाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी आहे. गंभीर भाग आधी, हलका नंतर. ‘सिटी’ कधीच पहिला लावू नका, त्यानंतर दुसरा भाग बघायची कुणाची तयारी नसते.

घरच्या बैठकीत चार मित्र जमवणं वेगळं आणि सोसायटीच्या हॉलमध्ये बोर्ड लावून दाखवणं वेगळं. ऑनलाइन बघण्यासाठी भरलेली घरगुती वर्गणी किंवा विकत घेतलेली डिस्क जाहीर खेळासाठी चालत नाही, त्याला हक्क असणाऱ्यांची परवानगी लागते. प्रोजेक्टर असेल तर आदल्या दिवशी ४:३ करून बघा आणि सबटायटल्स मागच्या खुर्चीवरून वाचता येतात का तेही. मोठ्या पडद्यावर ‘स्पेस सीड’ची मारामारी लावलीत तर शॅटनरच्या जागी लढणारा दुसराच माणूस स्पष्ट दिसेल, पहिल्यांदा येणाऱ्यांना ते आधी सांगू नका, आपणहून कुणाला दिसतं ते बघा.